साचा कोणाच्या नावावर? रेल्वे मॉडेलच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
भारतीय रेल्वेच्या प्रवासी डब्यांच्या लघुप्रतिकृती वर्गणीतून बनवून घेऊ पाहणारे सर्व आयोजक
आणि त्या वर्गणीत नाव नोंदवणारे छंदी मित्र

स.न.वि.वि.

एचओ मापातला, म्हणजे मूळ डब्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढा, आयसीएफ (पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) डबा आपल्याच पैशांतून बनवून घ्यावा, अशी चर्चा सध्या आपल्यात सुरू आहे. भुसावळच्या कोचिंग डेपोत पिट लाइन (गाड्या तपासण्याची) आणि सिक लाइन (नादुरुस्त डब्यांची) यांच्या मध्ये माझी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर हा छंद लागला, त्यामुळे या चर्चेचा मला मनापासून आनंद आहे. वर्गणी द्यायला मी तयार आहे, माझ्या ओळखीचे जळगाव, धुळे, चाळीसगाव, नंदुरबारचे छंदीही तयार आहेत. परंतु आतापर्यंतच्या चर्चेत डब्याचा रंग कोणता, जाळी कशी, दिवे लागणार की नाही, या सगळ्यावर भरपूर बोलणे झाले आणि एका प्रश्नाला मात्र कोणी हात घातला नाही, तो असा की आपल्या पैशांतून जो साचा तयार होईल तो कोणाच्या नावावर राहणार? हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे.

आपल्यावर वर्गणीची वेळ का आली, हे नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. प्लास्टिकचा डबा बनवताना प्लास्टिकची किंमत नगण्य असते. खरा खर्च असतो तो आरेखनाचा आणि पोलादी साच्याचा, ज्याला आपल्याकडे सगळे डाय म्हणतात. तो खर्च पहिला डबा बाहेर पडण्यापूर्वीच करावा लागतो आणि पुढे शंभर डबे काढले काय किंवा हजार काढले काय, तो तेवढाच राहतो. निव्वळ हिशेबासाठी समजा की सगळ्या भागांच्या डाय मिळून पंधरा लाख रुपये लागले. तीनशे डबे काढले तर प्रत्येक डब्यावर पाच हजारांचा बोजा पडतो, पंधराशे काढले तर एक हजाराचा. भारतीय डब्याला जगभरात गिऱ्हाईक किती मिळेल याचा अंदाज नसल्यामुळे मोठा परदेशी उत्पादक असा पैसा आधी गुंतवत नाही आणि देशातल्या छोट्या उत्पादकाजवळ तो नसतो. म्हणून गिऱ्हाइकानेच आधी पैसे द्यायचे. यात कमीपणा काहीच नाही. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही आगाऊ नोंदणी पुरेशी झाल्याशिवाय अनेक उत्पादक डाय कापायला घेत नाहीत.

या बाबतीत आपली स्थिती अमेरिकेतल्या छंदी लोकांपेक्षा खरे तर बरी आहे, आणि ही गोष्ट आपल्या कोणाच्या फारशी ध्यानात आलेली दिसत नाही. तिकडे पुलमन-स्टँडर्ड, बड, अमेरिकन कार अँड फाउंड्री असे वेगवेगळे कारखाने होते आणि प्रत्येक रेल्वे कंपनी आपल्या मर्जीप्रमाणे खिडक्या, खोल्या, घुमट बदलून डबे बनवून घेत असे. एका कंपनीचा डबा दुसरीच्या रंगात रंगवला की जाणकाराला तो खोटा दिसतो, त्यामुळे तिथे एकेका गाडीच्या अचूक डब्यांसाठी वेगळी वर्गणी उभी करावी लागते. आपल्याकडे पेरांबूरचा कारखाना १९५५ साली स्विस तंत्रज्ञानावर सुरू झाला आणि त्या घराण्याचा शेवटचा डबा तिथून जानेवारी २०१८ मध्ये बाहेर पडला. इतक्या वर्षांत आतली सजावट, दिवे, रंग, ब्रेक बदलले, पण कवच मूळचेच राहिले. भुसावळच्या फलाटावर उभी राहिलेली कोणतीही गाडी घ्या, ती पंजाबला जाणारी असो, हावड्याची असो की सुरतेची पॅसेंजर असो, डबा त्याच मापाचा असे. एकच साचा जम्मूच्या छंदी माणसालाही चालेल आणि तिरुवनंतपुरमच्याही.

यावरूनच पहिला डबा कोणता, याचेही उत्तर निघते. काही मित्रांना आधी राजेशाही गाडीचा सलून किंवा वातानुकूलित प्रथम वर्गाचा डबा हवा आहे. दिसायला तो देखणा आहे, पण असा डबा प्रत्येक जण एकच घेईल. साधा स्लीपर आणि जनरल डबा प्रत्येक जण चार-सहा घेईल, कारण त्यांच्याशिवाय गाडी गाडीसारखी दिसतच नाही. पूर्ण चोवीस डब्यांचा रेक कोणी लावणार नाही, कारण बफरपासून बफरपर्यंत २२.२९७ मीटर लांबीचा डबा एचओ मापात २५६ मिलिमीटर होतो आणि असे चोवीस जोडले की लांबी सहा मीटरच्या पुढे जाते. एवढी भिंत किती जणांच्या घरात आहे? पण सहा डब्यांची पॅसेंजर दीड मीटरमध्ये बसते. अडीचशे जणांनी सहा-सहा डबे घेतले की वरच्या हिशेबातला पंधराशेचा आकडा गाठला जातो. सलूनच्या मागे लागलो तर अडीचशे जणांचे अडीचशेच डबे होतील आणि प्रत्येकाच्या वाट्याला साच्याचे सहा हजार रुपये येतील.

आमच्या खानदेशापुरते सांगायचे तर आम्हाला एकेकट्या डब्याचाही उपयोग आहे. धुळ्याहून मुंबईसाठी निघणाऱ्या बोग्या चाळीसगावला मोठ्या गाडीला जोडल्या जात असत. शंटिंगचा तो सगळा खेळ एका लहानशा टेबलावर मांडता येतो, आणि त्यासाठी एक स्लीपर, एक जनरल आणि एक एसएलआर, म्हणजे गार्ड आणि सामानाची जागा असलेला डबा, एवढे पुरते.

साच्याची आखणीही याच दृष्टीने करायला हवी. ट्रॉली (चाकांचा सांगाडा), अंडरफ्रेम (डब्याचा तळाचा सांगाडा), छत आणि टोकाच्या भिंती सामायिक ठेवून बाजूच्या भिंतींच्या डाय वेगळ्या केल्या, तर स्लीपर, जनरल आणि एसएलआर या तिन्हींसाठी फक्त भिंती बदलाव्या लागतील. सपाट भिंतीची डाय आख्ख्या कवचाच्या डायपेक्षा सोपी आणि स्वस्त असते. कोपऱ्यावर सांधा दिसेल, हा आक्षेप खरा आहे, आणि काही मित्र त्यावर अडून बसतील याचीही मला कल्पना आहे. माझ्या मते सांधा चालेल, पण जनरल डबा नसलेली पॅसेंजर चालणार नाही. रुळांच्या रुंदीबद्दल मात्र नवा वाद कोणी काढू नये, ही विनंती. आपला १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज एचओत १९.३ मिलिमीटर व्हायला हवा आणि बाजारात रूळ मिळतात ते १६.५ चे, हे सगळ्यांना माहीत आहे. रूळ, काटे आणि इंजिने सगळी नव्याने बनवायची तयारी असेल त्याने तो विषय काढावा.

डब्याच्या बारकाव्यांत कुठे हट्ट धरायचा आणि कुठे सोडून द्यायचा, हे जन्मभर डब्याखाली वाकलेला माणूस म्हणून सांगतो. खिडक्यांचे आडवे गज साच्यातून काढण्याचा नाद सोडावा. मूळ गज ८७ पटीने लहान केला की पाव मिलिमीटरपेक्षाही बारीक होतो आणि तेवढ्या फटीत प्लास्टिक नीट वाहत नाही. मग उत्पादक तो जाड करतो आणि डबा तुरुंगाच्या गाडीसारखा दिसू लागतो. काचेच्या पट्टीवर छापलेले किंवा पितळी पत्र्यात कोरलेले गज जास्त खरे वाटतात. आपत्कालीन खिडकीला गज नसतात आणि शौचालयाची काच धूसर असते, या दोन गोष्टी चुकल्या की लांबूनही खटकतात. ट्रॉलीवर मात्र खर्च करावा. अ‍ॅक्सल बॉक्सच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा, त्यांच्या आतले डॅशपॉट, मधल्या बोल्स्टरच्या स्प्रिंगा आणि अल्टरनेटरचा पट्टा, हे सगळे बाजूने दिसते आणि आयसीएफची ओळख तिथेच आहे. टोकाला बफर आणि स्क्रू कपलिंग असावे. मधला कपलर लावून त्यालाच आयसीएफ म्हणून विकू नये.

क्रमांकाचेही तसेच आहे. डब्यावरच्या पाच आकड्यांतले पहिले दोन बांधणीचे साल सांगतात आणि उरलेले तीन डब्याचा प्रकार: २०१ ते ४०० स्लीपर, ४०१ ते ६०० जनरल, ७०१ ते ८०० एसएलआर. म्हणजे ९८२१४ हा १९९८ सालचा स्लीपर झाला. एकाच क्रमांकाचे सहा डबे एका गाडीत जोडण्याइतके हास्यास्पद दुसरे काही नाही, म्हणून प्रत्येक प्रकारात निदान सहा वेगळे क्रमांक छापावेत, आणि ज्या सालचा क्रमांक त्या काळचाच रंग द्यावा. नव्वदच्या दशकानंतर बांधलेला डबा जुन्या विटकरी रंगात, असा गोंधळ नको. वजन अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीप्रमाणे धरले, तर या लांबीच्या डब्याला साधारण १६५ ग्रॅम येते. हलका डबा वळणावर ओढताना रुळावरून घसरतो, त्यामुळे अंडरफ्रेममध्ये पट्टी बसवायची जागा आरेखनातच ठेवावी.

आता मूळ प्रश्नाकडे येतो.

आज चर्चेत असलेल्या योजनांचा सर्वसाधारण आकार असा आहे: सभासदांनी पैसे द्यायचे, आयोजकांनी ते उत्पादकाकडे पोहोचवायचे, उत्पादकाने डाय करायची, डबे काढायचे, आपले आपल्याला द्यायचे. डाय कुठे राहील? उत्पादकाकडे. पुढच्या वर्षी त्याच डायमधून आणखी हजार डबे काढून त्याने विकले, तर त्यातले आपल्याला काय? काही नाही. तो धंदा बंद करून बसला, तर डाय कोण उचलून नेणार? त्याचा धनको. पंधरा लाखांतली एकूण एक दमडी ज्यांनी दिली, त्यांच्या हाती फक्त डब्याचे खोके येते, आणि तेही सगळे सुरळीत पार पडले तर.

ही भीती काल्पनिक नाही. ब्रिटनमध्ये गेल्या दशकात अशा वर्गणीचे दोन्ही प्रकारचे अनुभव आले. एचओहून लहान अशा एन मापातली पेंडोलिनो गाडी तिथल्या छंदी लोकांच्या आगाऊ पैशांतून उभी राहिली आणि लोकांच्या घरी पोहोचली. दुसरीकडे, लोकांकडून टप्प्याटप्प्याने पैसे घेऊन मॉडेल काढणारी एक कंपनी २०१९ साली बंद पडली. ज्यांची मॉडेले तयार झाली नव्हती, ते वर्गणीदार इतर धनकोंच्या रांगेत जाऊन उभे राहिले आणि आरेखने व साचे ही कंपनीची मालमत्ता ठरली. पैसे कोणी दिले होते, याला त्या घडीला किंमत उरली नाही.

खानदेशातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. आमच्याकडे गावोगावच्या दूध सोसायट्या, जिनिंग प्रेसिंगच्या संस्था आणि सूतगिरण्या दहा-दहा रुपयांच्या भागांतून उभ्या राहिल्या आणि यंत्र सभासदांच्या मालकीचे असते, हे शेंबडे पोरही जाणत होते. याच जिल्ह्यात पुढे पतसंस्था बुडाल्या, निवृत्तांच्या आणि विधवांच्या ठेवी वर्षानुवर्षे अडकल्या आणि एमपीआयडी हा ठेवीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याचा शब्द चहाच्या टपरीवर बोलला जाऊ लागला. माझ्या नात्यातल्या एका घरात मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम अशीच अडकली आणि लग्न कर्ज काढून झाले. तेव्हा “विश्वास ठेवा, सगळे आपलेच लोक आहेत” हे वाक्य कृपा करून योजनेच्या पत्रकात घालू नका. भुसावळ-जळगावकडे ते वाक्य वाचून माणसे खिसा शिवून टाकतात.

माझे म्हणणे असे की डाय सभासदांच्या नावावर असावी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतल्या दहा व्यक्ती संस्था नोंदवू शकतात. ते जड वाटत असेल, तर मर्यादित दायित्वाची भागीदारी आहे, साधा नोंदणीकृत करार आहे. सहकारी संस्था म्हटली की दरवर्षी लेखापरीक्षण आले, सभा आली, इतिवृत्त आले, हे सगळे कटकटीचे आहे हे मला मान्य आहे. पण वर्गणीदार नाशिकचा, कोलकात्याचा आणि दुबईत नोकरी करणारा असणार आहे. त्याला हिशेब बघायला मिळेल तो अशा कटकटीतूनच. उत्पादकाला डाय वापरायला द्यावी, त्याने ती आपल्या यंत्रावर चढवावी, तिची निगा राखावी, आपले डबे काढून झाल्यावर त्याला हवे तर बाहेरच्या गिऱ्हाइकासाठीही काढावेत, मात्र अशा प्रत्येक डब्यामागे ठरलेली रक्कम सभासदांच्या सामायिक निधीत भरावी. त्या रकमेतून पुढची डाय होईल, आणि तिसऱ्या-चौथ्या डब्यापर्यंत नवी वर्गणी मागण्याची गरज कदाचित राहणार नाही. डायवर निधीचे नाव कोरावे आणि ती कुठे ठेवली आहे हे करारात लिहावे. उत्पादक याला तयार होणार नाही, असे काही आयोजक म्हणतील. ज्याने एक पैसा गुंतवलेला नाही, त्याने तयार का होऊ नये, हे त्यालाच विचारावे.

पैसे गोळा करण्याच्या रीतीबद्दलही थोडे. नाव नोंदवताना पैसे घेऊ नयेत. पुरेशी नावे आल्यावर आरेखनापुरती छोटी रक्कम घ्यावी आणि आरेखन सर्व सभासदांना पाहायला द्यावे. डायचे पैसे त्यानंतर घ्यावेत आणि डब्याची उरलेली किंमत चाचणीचा नमुना हाती आल्यावर. खाते दोघांच्या सह्यांशिवाय चालू नये, आणि त्या दोघांत उत्पादक किंवा त्याचा मेहुणा नसावा. कायद्याचीही एक बाब आहे. पैसे घेणारी कंपनी असेल, तर मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालाच्या पुरवठ्यात वळती झाली पाहिजे, नाही तर २०१४ च्या नियमांप्रमाणे ती ठेव ठरू शकते. आरेखन, डाय, नमुना, दुरुस्ती, छपाई हे सगळे एका वर्षात आटोपणे कठीण असते. म्हणून पहिल्याच दिवशी पूर्ण किंमत घेणारी योजना आतबट्ट्याची तर आहेच, शिवाय उत्पादकालाही अडचणीत आणणारी आहे. सभासदाला मध्येच बाहेर पडावे लागले, तर त्याचा हिस्सा दुसऱ्याला देण्याची सोय ठेवावी. भिशीत हप्ता न जमणारा माणूस आपला नंबर दुसऱ्याला देतो, तितके ते सोपे असावे.

डाय कुठे करावी, याबद्दल एक सूचना आहे. सगळ्यांची नजर एकदम चीनकडे जाते. जळगावच्या एमआयडीसीत ठिबक सिंचनाचे ड्रिपर आणि जोडण्या इंजेक्शन मोल्डिंगनेच निघतात, आणि ड्रिपरच्या आतला पाण्याचा नागमोडी मार्ग जेमतेम मिलिमीटरभर रुंद असतो. तो मार्ग हजारो नगांत एकसारखा काढणारी माणसे डब्याचा अंडरफ्रेम आणि छत काढू शकतील, असे मला वाटते. बारीक नक्षीच्या बाजूच्या भिंती त्यांना जमतील का, हे नमुना मागवून पाहावे लागेल. निदान त्यांच्याकडून दरपत्रक तरी मागवा. डाय आपल्या नावावर ठेवायची तर ती मोटारसायकलवर जाऊन पाहता येईल अशा अंतरावर असण्याचा फायदा मोठा आहे.

पाचोरा-जामनेर छोट्या गाडीचे डबे या योजनेत घ्यावेत, असा आग्रह आमच्याकडचे काही जण धरतील. शेंदुर्णी आणि पहूर ज्यांनी त्या गाडीच्या खिडकीतून पाहिले, त्यांची माया मला कळते. २०२० मध्ये ती गाडी थांबली आणि आता तो मार्ग ब्रॉडगेज व्हायचा आहे. ७६२ मिलिमीटरचा तो गेज एचओत जवळपास नऊ मिलिमीटर होतो, म्हणजे एन मापाचे तयार रूळ त्याला चालतात, ही सोयीची गोष्ट आहे. तरीही त्यासाठी पोलादी डाय करणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होईल, कारण गिऱ्हाईक दोन-तीन तालुक्यांचे. तो डबा थ्रीडी प्रिंटवर एक काढून, त्यावरून सिलिकॉनचा साचा घेऊन रेझिनमध्ये ओतावा. सिलिकॉनचा साचा काही डझन नगांनंतर फाटतो, पण आपल्याला तेवढेच हवे आहेत. हे काम आम्ही इथे वेगळे करू. मोठ्या निधीवर त्याचा भार नको.

शेवटी, घाईचे एक काम. आयसीएफ डब्याचे ठरलेले आयुष्य पंचवीस वर्षे, त्यामुळे ते झपाट्याने मोडीत निघत आहेत. काहींच्या खिडक्या पत्र्याने बुजवून त्यांच्या मोटारगाड्या वाहणाऱ्या एनएमजी वाघिणी झाल्या आहेत, तर काही मध्य रेल्वेच्या स्थानकांबाहेर उपाहारगृहे होऊन उभे आहेत. उपाहारगृहाच्या डब्याला टेप लावायला कोणी हरकत घेत नाही. चहा मागवा आणि दरवाज्याची रुंदी, पायरीची उंची, पाटीचे हूक, टोकाची शिडी, छतावरच्या व्हेंटिलेटरमधले अंतर मोजून घ्या. रेल्वेचा नकाशा मुख्य मापे देतो, या बारीकसारीक गोष्टी डब्यावरच मोजाव्या लागतात. स्लीपर आणि जनरल डब्याची माझ्याजवळची मापे मी वहीतून उतरवून देईन. करारनाम्याचा मसुदा सभासदांसमोर येईल, त्याच दिवशी ती आयोजकांच्या हाती मिळतील.

कळावे,
आपला,
एक निवृत्त कॅरेज अँड वॅगन कर्मचारी
भुसावळ, जि. जळगाव